दुधाचे दात : एका उपेक्षेचा इतिहास

संस्कृत भाषेत ‘द्विज’ हा शब्द तिघांना लावतात : मुंज झालेल्या माणसाला, पक्ष्याला आणि दाताला. पक्षी एकदा अंड्याच्या रूपाने जन्मतो आणि मग अंडे फोडून बाहेर येतो. दात एकदा दुधाचा म्हणून येतो, तो पडला की त्याच जागी पक्का येतो. ज्या भाषेने दाताला असे मानाचे नाव दिले, त्या भाषेच्या लेकी असलेल्या आपल्या बोलींत मात्र दुधाच्या दाताला काही किंमत उरली नाही. एखाद्याला अपक्व ठरवायचे झाले की ‘अजून याचे दुधाचे दातही पडले नाहीत’ असे आपण म्हणतो. जे पडणारच आहे त्याची निगा कशाला, हा विचार या बोलण्यामागे दडलेला आहे. दंतवैद्यकाचा इतिहास चाळताना वारंवार हेच दिसते की, दाताचे दुखणे सर्वांना ठाऊक होते, दाताची निगाही ठाऊक होती, पण लहान मुलाच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी फार उशिरा आली. आपल्या बालाघाटसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात तर ती अजूनही पुरती आलेली नाही.

प्राचीनांचे ज्ञान काही कमी नव्हते. बालरोगांवरील ‘काश्यपसंहिता’ हा ग्रंथ शतकानुशतके लुप्तप्राय होता. त्याची खंडित पोथी नेपाळात मिळाली आणि राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या प्रयत्नाने ती १९३८ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. या ग्रंथात मुलांच्या दंतजन्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे. बत्तीस दातांपैकी आठ ‘सकृज्जात’, म्हणजे एकदाच जन्मणारे, आणि बाकीचे चोवीस द्विज, असा हिशेब त्यात मांडला आहे. आजचे शास्त्र एकदाच येणाऱ्या दातांची संख्या बारा सांगते, कारण दुधाचे दात वीस आणि पक्के बत्तीस. आकड्यात फरक असला तरी काही दात दुधाचे रूप न घेता सरळ पक्केच येतात, ही बारीक गोष्ट त्या ग्रंथकाराने टिपली होती, याचे नवल वाटते. वाग्भटाने दात येण्याच्या काळाला मुलांच्या अनेक रोगांचे कारण मानले. पण त्याबरोबर, या काळातली दुखणी दात आले की आपोआप शमतात, म्हणून मुलाला फार जाचू नये, असाही शहाणपणाचा सल्ला दिला. चरकाने दातवण दिवसातून दोन वेळा करायला सांगितले. सुश्रुताने काडीची लांबी बारा अंगुळे आणि जाडी करंगळीएवढी ठरवून दिली. मात्र दिनचर्येचा हा सारा उपदेश मोठ्या माणसाला उद्देशून आहे. ज्याला करंगळीएवढी काडी चावताच येत नाही, त्या दोन वर्षांच्या मुलाचे दात कोणी आणि कसे स्वच्छ करावेत, हा प्रश्न घरातल्या बायकांवर सोडलेला दिसतो.

घरात काय होते? आमच्या वैनगंगेच्या काठच्या गावांत पुरुषमाणसे कडुनिंबाची, बाभळीची किंवा करंजाची काडी चघळत नदीवर जात. बायका चुलीतली राख, कोळशाची पूड, मीठ यांनी दात घासत. मुलांच्या बोटावर तीच राखुंडी ठेवली जाई आणि मूल तिच्यातली निम्मी गिळून टाकी. राखेने दाताचा लेप खरवडला जातो, पण त्याबरोबर दाताचे कवचही झिजते. तरीही जुन्या पिढीचे दात टिकले, याचे श्रेय राखेला देण्याची आपल्याकडे चाल आहे. खरे श्रेय ताटाला द्यायला हवे. भात, कोदो-कुटकी, भाजी, क्वचित मोहफुले आणि सणावारी गूळ, असे ज्याचे खाणे होते त्याच्या दाताला कीड लागायला कारणच थोडे होते. पुढे साखर घराघरांत आली, चहा आला, बिस्किटाचा पुडा आणि गोळ्यांची बरणी खेड्यातल्या दुकानात पोचली. राख तशीच राहिली आणि ताट बदलले.

पडलेल्या दाताचे मात्र आपण कोडकौतुक केले. कोठे तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकतात, कोठे उंदराच्या बिळात टाकतात आणि उंदरासारखा पांढरा, बारीक, मजबूत दात मागतात. मोठी गोड रीत आहे ही. पण दात पडल्यावरच त्याला मान मिळावा, असा तो तोंडात असेपर्यंतचा त्याचा नशिबाचा फेरा होता.

दुखणाऱ्या दाताचे वैद्यक बाजारात होते. आठवडी बाजारात पाल ठोकून बसणारे वैदू आणि ‘दाताचे किडे काढणारे’ यांची आठवण साठी-सत्तरीच्या वाचकांना असेल. भुईरिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी नळीने रोग्याच्या तोंडात द्यायची आणि मग पाण्याच्या भांड्यात पडलेले बारीक पांढरे ‘किडे’ दाखवायचे, असा तो प्रकार असे. ते किडे म्हणजे उष्णतेने बीजातून बाहेर पडलेले कोंभ. धुरीने कळ तात्पुरती बधिर होई, म्हणून लोकांचा विश्वास बसे. दात किडा खातो ही समजूत केवळ आपलीच नव्हे. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर ती कोरलेली आहे, आणि आपल्या ग्रंथांतला ‘कृमिदंत’ हा शब्दही तिचाच वंशज आहे. पॅरिसच्या पियर फोशार याने १७२८ मधील आपल्या ग्रंथात, मला हा किडा कधी दिसला नाही, असे स्पष्ट सांगून तिला पहिला धक्का दिला आणि साखरेकडे बोट दाखवले. १८९० मध्ये बर्लिनमधील अमेरिकन दंतवैद्य मिलर याने सिद्धान्त मांडला की, तोंडातले सूक्ष्म जंतू पिष्टमय आणि गोड अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. १९२४ मध्ये लंडनच्या क्लार्कने त्यातला मुख्य जंतू ओळखला. म्हणजे किडा होता. फक्त तो बाजारातल्या भांड्यात पडण्याइतका मोठा नव्हता आणि साखर दिल्यावाचून तो काही करत नव्हता.

आता एक विचित्र योगायोग पाहा. सरकारने लहान मुलांच्या तोंडात अधिकृतपणे डोकावायला सुरुवात केली ती दात बरे करण्यासाठी नव्हे. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत कामावर ठेवण्यास बंदी झाली, पण जन्माची नोंद नसल्याने वय ठरवायचे कसे, हा प्रश्न होता. १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने पार्लमेंटपुढे पुस्तिका ठेवून दाखवले की, उंचीपेक्षा दातांवरून वय अधिक अचूक कळते. आपल्याकडे १८८१ च्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालील मुलांना मज्जाव केला, तेव्हा गिरणीच्या दारात पोराचे वय अजमावण्यासाठी तोंड उघडून पाहण्याची ही रीत येथेही आली. दाढ आली आहे की नाही, एवढेच पाहायचे. ती किडली आहे का, हे कोणी विचारले नाही.

ते विचारणारे पुढे निघाले. केंब्रिजचे जॉर्ज कनिंगहॅम यांनी १८८५ पासून शाळकरी मुलांच्या दातांची तपासणी हा सार्वजनिक प्रश्न करून सोडला. १९०२ मध्ये त्या वेळी जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरात अर्न्स्ट येसेन यांनी शाळेच्या मुलांसाठी दंतचिकित्सालय उघडले. न्यूझीलंडने १९२१ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. डॉक्टर पुरेसे नाहीत, तर शाळांसाठी खास परिचारिका तयार करू, असे ठरवून त्या देशाने तरुण मुलींना दोन वर्षांचे शिक्षण देऊन शाळाशाळांतून नेमले. लहान आणि विखुरलेल्या वस्तीचा देश हे करू शकला, ही गोष्ट आपल्या बैहर, लांजीच्या मुलखात राहणाऱ्याने विसरू नये.

आपल्या देशात त्याच सुमारास आरंभ झाला. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास भारतातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाच्या आश्रयाने १९३३ मध्ये दंत महाविद्यालय सुरू झाले. १९४८ मध्ये दंतवैद्यकाचा कायदा झाला आणि नोंदणी नसलेल्याने दात काढण्याचा धंदा करू नये, असे ठरले. तोपर्यंत, आणि कायद्याला न जुमानता त्यानंतरही, खेड्यात सांडशी वैदूच्याच हाती राहिली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला तो मध्यप्रांताच्या नागपूर विभागात. विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याची छोटी रेल्वेलाइन गोंदियाहून आली आणि दुखणेकरी माणसाची वाट पक्की झाली : बालाघाट, गोंदिया, नागपूर. मेयो हॉस्पिटल तेथे, राजधानी तेथे, १९४७ मध्ये निघालेले मेडिकल कॉलेजही तेथे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण भोपाळच्या मध्यप्रदेशात राहिलो. कागदावर सीमा आखली गेली, पण दुखणेकऱ्याची वाट काही बदलली नाही. दातांच्या बाबतीत तर इतिहासाने मोठी गंमत केली. मध्यप्रदेशाचे सरकारी दंत महाविद्यालय १९६१ मध्ये इंदूरला निघाले, आमच्यापासून सुमारे सहाशे किलोमीटरवर. नागपूरचे १९६८ मध्ये निघाले, इंदूरच्या मानाने अंगणात, पण परक्या राज्यात. मुलाच्या जबड्याला सूज आली की बाप इंदूरला जात नाही, गोंदियाची गाडी धरतो. या वाटेला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण जेथे दंतवैद्य प्रवास करून गाठायचा असतो, तेथे तो दुखल्याशिवाय गाठला जात नाही. आणि मुलाचे दुखेपर्यंत थांबले की उपाय बहुधा एकच उरतो, दात काढून टाकणे. सीमेच्या जिल्ह्यांत दुधाच्या दातांची उपेक्षा केवळ अज्ञानामुळे झाली नाही, अंतरामुळेही झाली.

डॉक्टर लांब राहिला, पण मंजन दारात आले. मुंबईच्या नोगी कंपनीची माकडछाप काळी पावडर मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या नांदली. कोलगेट १९३७ मध्ये भारतात आले. नागपुरात किराणा दुकान चालवणारे केशव विष्णू पेंढरकर नशीब काढण्यासाठी मुंबईला गेले आणि १९५२ मध्ये त्यांनी परळला विकोची स्थापना करून वज्रदंती मंजन बाजारात आणले. नागपूरकडचा माणूस म्हणून आपल्याला त्याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. हे मंजन औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी खात्याशी चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कंपनीच्या बाजूने निकालात निघाला. या मंजनांनी एक मोठे काम केले : रोज दात घासणे ही सभ्यतेची खूण झाली. पण त्याच बाजारात दुसरेही काही होते. महाराष्ट्राची मिशरी, छत्तीसगडाकडून येणारा गुळा-तंबाखूचा गुडाखू आणि तंबाखू मिसळलेली मंजने दात घासण्याच्या नावाखाली घरात शिरली, आणि आईचे पाहून मुलीने तीच हातात घेतली. केंद्र सरकारने १९९२ मध्ये मंजनात व पेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. बंदी झाली म्हणून सवय सुटत नाही, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे.

दाताचा दुसरा शत्रू पाण्यातून येतो आणि त्याची कहाणी आपल्या शेजारच्या मंडला जिल्ह्यात घडली. तेथील तिलईपानी गावात, विहिरी-नाल्यांऐवजी शुद्ध पाणी मिळावे म्हणून हातपंप बसवले गेले. १९९० च्या दशकात तेथील मुलांचे दात पिवळे-तपकिरी डागाळलेले आणि गुडघे आत वळलेले आढळले. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्राने तपास केला, तेव्हा हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. उपाय म्हणून दुसरे पाणी दिले गेले आणि आहारात तरोट्याची भाजी वाढवण्यावर भर दिला, कारण तिच्यात कॅल्शियम भरपूर असते. पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणारी, आपण गरिबाची म्हणून नाक मुरडतो ती हीच भाजी. हेच फ्लोराइड अगदी अल्प प्रमाणात असले तर दाताला बळ देते. अमेरिकेतील कोलोराडोत फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने १९०१ पासून डागाळलेल्या दातांचा पाठपुरावा केला, त्यातून हे ज्ञान निघाले आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घातले. एकच द्रव्य एका गावाला तारते, दुसऱ्याला पांगळे करते, फरक मात्रेचा. आणि हेही ध्यानात घ्यावे की, पक्क्या दातावर दिसणारा डाग दात उगवल्यावर पडलेला नसतो. मूल दुधाच्या दातांनी हसत असते तेव्हाच हिरडीच्या आत पक्का दात घडत असतो आणि पाणी आपले काम करत असते.

येथे दुधाच्या दाताची खरी योग्यता कळते. तो पक्क्या दाताची जागा राखून ठेवणारा राखणदार आहे. तो अकाली काढावा लागला की शेजारचे दात त्या जागेवर कलतात आणि मागून येणारा पक्का दात वाट चुकून वाकडा उगवतो. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर खाली घडणाऱ्या दातालाही इजा होऊ शकते. त्याचे कवच पातळ असल्याने कीडही झपाट्याने आत उतरते. १९६२ मध्ये अमेरिकन डॉक्टर एलियास फास यांनी, दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांचे पुढचे दात कसे किडतात, हे मांडले. आपल्याकडे बाटलीत साखरेचे दूध असते आणि रडू नये म्हणून चोखणीला मध लावण्याचीही चाल आहे. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे गोडवा रात्रभर दातावर राहतो.

आणि काश्यपाने सांगितलेले सकृज्जात दात? त्यांतली पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही. त्यामुळे आईबापांना ती आल्याचे कळतच नाही, किंवा ती दुधाचीच समजून ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून देतात. पण ती पुन्हा येणार नसते. आयुष्यभराच्या चावण्याचा मुख्य भार याच दाढांवर असतो. मूल पहिलीत दाखल होते तेच हे वय. हायस्कुलात नववीला येणाऱ्या मुलांत खालची दाढ अर्धी झडलेली किंवा काढून टाकलेली किती असतात, हे आम्ही मास्तर मंडळी पाहतो. तिचा घात आमच्याकडे येण्याच्या सात-आठ वर्षे आधीच झालेला असतो.

२००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांना दंतक्षय आढळला. म्हणजे शाळेत येण्यापूर्वीच निम्म्या मुलांची हानी झालेली असते. मुलांच्या दातांच्या डॉक्टरांची भारतीय संघटना १९७९ मध्ये उभी राहिली. पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाला एकदा दंतवैद्याला दाखवावे, असे अमेरिकन बालदंतवैद्यांनी १९८६ मध्ये सांगितले आणि आता सर्वत्र तोच सल्ला दिला जातो. दुखत नसताना डॉक्टरकडे जाणे आपल्या रक्तात नाही. पण पोलिओचा डोस, गोवराची लस दुखणे येण्यापूर्वीच देतात, हे आपण शिकलोच की. मूल दुखत नसताना दवाखान्यात गेले तर त्याला त्या खुर्चीची धास्तीही बसत नाही. ‘डॉक्टर दात उपटेल’ अशी भीती मात्र घरच्यांनी घालू नये.

घरचे काम थोडेच आहे. दात येण्यापूर्वी ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसाव्यात. दात आल्यावर मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. ज्या गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तेथे पेस्ट डॉक्टरांना विचारून घ्यावी. सात-आठ वर्षांपर्यंत दात आईने किंवा बापाने स्वतः घासून द्यावेत, रात्री झोपण्यापूर्वी नक्कीच. राख, मिशरी, गुडाखू मुलाच्या बोटावर कदापि ठेवू नये. रात्री बाटली नको. गोड खायचेच तर जेवणाबरोबर, दिवसभर चघळत नको.

बाकीचे काम गावाचे आणि सरकारचे. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातून सुरू झाला. त्यात तपासायच्या रोगांच्या यादीत दंतक्षय आहे. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणे अपेक्षित आहे, आणि पुढच्या उपचारासाठी मुलाला मोफत पाठवण्याची सोय आहे. पथक येईल त्या दिवशी मुले हजर ठेवणे, त्यांचे तोंड उघडून दाढा पाहायला लावणे आणि ज्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवले त्यांचे आईबाप खरोखर गेले की नाही हे विचारणे, ही कामे आम्हा शिक्षकांची, अंगणवाडी सेविकांची आणि पंचायतीची आहेत. पहिलीत नाव घालताना आपण मुलाचे वय विचारतो, जात विचारतो, आधार क्रमांक लिहून घेतो. त्याच दिवशी पालकांना एवढे सांगावे की, मागच्या बाजूला नवी दाढ येत आहे, ती दुधाची नाही आणि पडल्यास पुन्हा येणार नाही. याला पैसा लागत नाही आणि इंदूर किंवा नागपूर गाठावे लागत नाही.